धुराचे दिवस आणि बिनआवाजाचा पंखा

अख्ख्या दौंड तालुक्यात माझ्याएवढा मोठा आवाज दुसऱ्या कुणीच काढलेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. सिंगापूरच्या एअरपोर्टावर उतरलो तेव्हा बायकोनं कानाशी येऊन मला या देशातली पहिली सूचना दिली ती अशी: "अहो, हळू बोला, लोक बघतायत."

परवा बांबू आत ओढत होतो. आम्ही राहतो त्या यिशुन भागात कपडे बांबूत ओवतात आणि बांबू किचनच्या खिडकीबाहेर खोचून देतात. सगळ्या बिल्डिंगीला झेंडे लावल्यासारखं दिसतं. त्यात आमचा झेंडा म्हणजे माझी बनियन. बांबू आत घेतला, बायकोचा कुर्ता काढला, आणि वास आला. जळका. आमच्याकडं ऊस तुटून गेला की रानात पाचट पेटवतात, त्याला असतो तसला वास. इथं ऊस नाही, रान नाही. इथं तो वास आला की समजायचं समुद्रापलीकडं कुणीतरी जंगल पेटवलंय आणि वाऱ्यानं तोंड आपल्याकडं केलंय. हेझ म्हणतात त्याला. समोरची बिल्डिंग पातळ ताकात बुडवल्यासारखी दिसायला लागली. खाली एक आंटी मास्क लावून कुत्रा फिरवत होती. कुत्र्याला मास्क नव्हता. त्याचं माझ्यासारखंच असणार, घरात कुणी विचारलं नसेल.

खरं सांगू? मला आनंद झाला. लोकांचे घसे धरतायत, म्हातारीकोतारी दम लागून बसलीयत, आणि हा माणूस ओला कुर्ता नाकाला लावून खिडकीत हसतोय. कारण चार वर्षांमागं असाच धूर आला होता, आणि आम्ही तिघं एका खोलीत दार लावून बसलो होतो. तसं एकत्र बसलेलं ते शेवटचं.

माझी बायको सुजाता. ती जमिनीखाली बोगदे काढते. फावडं घेऊन नाही, कम्प्युटरवर. एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, बोगदा निघाला की वरची बिल्डिंग किती खचेल याचं गणित ती मांडते. बिल्डिंग खचत नाही, लोक वर झोपलेले राहतात, आणि तिचं नाव कुणाला माहीत होत नाही. तिच्या नोकरीच्या पासावर मी आणि पोरगी इथं राहतो. माझ्या पासाचं नाव डिपेंडंट पास. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एकदा पुण्याच्या एका साहेबांनी विचारलं, "आपण काय करता?" म्हणलं, "डिपेंड करतो." ते खूप हसले, पाठीवर थाप मारली, आणि दुसऱ्या माणसाशी बोलायला गेले. त्या दिवसापासून मी तिथं सुजाताचे मिस्टर. माझं नाव संजय आहे, हे मलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दहावीला मी बसलो, उठलो, परत बसलो, परत उठलो. शेवटी शाळेलाच दया आली. मग खलील वस्तादांच्या दुकानात ॲम्प्लिफायर उघडायला शिकलो, आणि पुढं स्वतःचा साउंड काढला. लग्न, वरात, जयंती, कबड्डीच्या मॅची, पुढाऱ्याचा वाढदिवस. माझ्या स्पीकरची भिंत उभी राहिली की रेल्वे कॉलनीतल्या खिडक्या थरथरायच्या. सुजाताची आणि माझी ओळखच त्यातून झाली. जयंतीचे दिवस होते, आमच्याच वस्तीत साउंड लागला होता, आणि शाळामास्तरांची ही पोरगी गर्दीतून वाट काढत माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हातात पुस्तक, बोट पानात अडकवलेलं. म्हणाली, "जरा आवाज कमी करता का? माझी परीक्षा आहे." मी काही न बोलता बटण खाली आणलं. आयुष्यात एकदाच. त्याच्या जोरावर तिनं सगळ्या घराशी भांडून माझ्याशी लग्न केलं. बिचारीला वाटलं हा नेहमीच कमी करेल.

तर तो चार वर्षांमागचा मोसम. पोरगी, यशू, सहावीत होती. इथं सहावीला मोठी परीक्षा असते, पीएसएलई. त्यावर पुढची शाळा ठरते, आणि शाळेवर सगळं आयुष्य ठरतं असं इथल्या आया समजतात. परीक्षा आणि धूर हातात हात घालून आले. खिडक्या बंद. खिडकीच्या फटीत ओले टॉवेल. हॉलमध्ये नुसता सीलिंग फॅन, तिथं बसलं की डोळे चुरचुरायचे. एसी एकाच बेडरूममध्ये. यशूचा अभ्यास त्या खोलीत, सुजाताचं टेबल त्या खोलीत, आणि कांदा चिरून झाला की मीही त्याच खोलीत, पलंगाच्या कडेला.

सुजाताच्या ऑफिसच्या लॅपटॉपला बोगद्याचं ते गणित झेपायचं नाही. ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर करायचं तर तिथंच बसावं लागायचं. पोरगी अभ्यासाला एकटी बसली की घाबरते, बाप अभ्यास घेऊ शकत नाही. (बापाला सहावीचं गणित आलं असतं तर बाप दहावी पास झाला असता.) एका संध्याकाळी मास्क काढता काढता सुजाता म्हणाली, "घरीच एक दणकट मशीन असतं ना, तर मी उजेडातच घरी आले असते. यशूजवळ बसून काम केलं असतं."

मी म्हणलं, "मी बनवतो."

तिनं मास्क टेबलावर ठेवला. म्हणलं, "अगं त्यात काय, डबा, पंखा, हीटसिंक. ॲम्प्लिफायरच की तो, फक्त वाजत नाही."

"वाजायलाच नको," ती म्हणाली. "एवढंच बघा."

या घरात आल्यापासून मला कुणी काम सांगितलेलं ते पहिलं. स्वयंपाक मी करतो, पण तो कुणी सांगितलेला नाही. तो मी बेकारीतून स्वतःच पकडलेला आहे. हे सांगितलेलं होतं. बायकोनं संध्याकाळी घरी यावं की नाही, हे माझ्या हातात आलं होतं. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातच होता, आणि मी सगळे खण उपसून तो शोधत होतो.

आता हीटसिंक म्हणजे काय ते सांगतो, कारण त्यातलंच तेवढं मला कळतं. काम करणारी वस्तू तापते. ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर तापतो, कम्प्युटरमध्ये प्रोसेसर. त्याला ॲल्युमिनियमचा एक पात्यापात्यांचा ठोकळा चिकटवतात, मधे मलम लावतात, म्हणजे गरमी ठोकळ्यात उतरते आणि पात्यांवरून हवेत जाते. वर पंखा बसवला की लवकर जाते. थोडक्यात हीटसिंक हा घरजावई आहे. कामाच्या माणसाला चिकटून उभं राहायचं, त्याची गरमी अंगावर घ्यायची, आणि घराबाहेर सोडून द्यायची. मी एकदा सुजाताला म्हणलं होतं, "या घरात तुझा हीटसिंक मीच."

ती म्हणाली, "हीटसिंक बोलत नाही हो."

मी हसलो होतो. चांगला जोक होता.

मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा प्रोसेसरबरोबर फुकट आलेला पंखा होता त्यावर. फुकटचा पंखा म्हणजे तळहाताएवढा, आणि त्याची हौस केवढी. सुजातानं गणित सुरू केलं आणि तो असा काही सुटला की यशू वही उचलून म्हणाली, "पप्पा, टेक ऑफ आहे काय?" सुजाता म्हणाली, "ह्याच्यापेक्षा ऑफिस शांत आहे." मी तिथंच सांगितलं, दोन दिवस दे.

आणि ज्या माणसानं उभं आयुष्य आवाज भाड्यानं दिला, तो मास्क लावून एमआरटीत बसला आणि बुगिसजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मॉलमध्ये आवाज नसलेला पंखा शोधायला गेला. सातव्या की आठव्या दुकानात एक चिनी अंकल बसले होते, नूडल खात. मागं भिंतीवर छतापर्यंत पंख्यांचे खोके. मी हातवारे करून सांगितलं: वाइफ, वर्किंग. डॉटर, एक्झाम. फॅन, नो साउंड.

अंकल म्हणाले, "स्मॉल फॅन रन फास्ट, नॉइझी. बिग फॅन रन स्लो, नो नॉइज. बिग हीटसिंक, मोअर बेटर."

एवढं तर मलाही कळत होतं, पण इंग्रजीत ऐकलं की खरं वाटतं. मी एकेक पंखा खोक्यातून काढून बोटानं फिरवायचो आणि कानाशी धरायचो. दौंडला आम्ही स्पीकरचा पडदा असाच अंगठ्यानं दाबून, कान लावून बघायचो. इथं पंखा हातात बिनविजेचा. तो काय बोलणार? तरी मी डोळे मिटून मान हलवत होतो. मागं दोन कॉलेजची पोरं फोन काढून माझा व्हिडिओ घेत होती. अंकलनी नूडल गिळली.

"यू बाय फर्स्ट," ते म्हणाले, आणि इथल्या रीतीनं वाक्याला 'लाह'चं शेपूट लावलं. "लिसन ॲट होम, लाह."

घरी आणलेला हीटसिंक केवढा होता म्हणता, पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्याचा थोरला भाऊ. तांब्याच्या नळ्या, पातळ पाती, आणि त्यावर बशीएवढा पंखा. मलम लावताना खलील वस्ताद आठवले. ते म्हणायचे, "संजू, तांदळाएवढं लाव, तूप वाढतोयस का?" मी तांदळाएवढं लावलं. पंखा स्क्रूनं न आवळता रबराच्या बोंडांवर बसवला, म्हणजे थरथर डब्याला लागत नाही. मशीन चालू केलं. पंखा फिरत होता की नाही हे बघायला मला उदबत्ती लावावी लागली. उदबत्तीचा धूर वाकला तेव्हा कळलं, फिरतोय. बाहेर गावभर धूर, आणि मी घरात आणखी धूर करून हसत होतो.

सुजाता त्या दिवशी उजेडातच आली. यशूच्या शेजारी बसली. गणित सुरू केलं. खोलीत एसीची हलकी घरघर, यशूच्या पेन्सिलीचा आवाज, बस. सुजातानं माझ्याकडं बघितलं. एकदा. ते बघणं मी अजून जपून ठेवलेलं आहे. दौंड सोडताना साउंड विकून आलेल्या पैशापेक्षा जास्त.

आता एक गोष्ट आहे जी मी सुजाताला कधी सांगितली नाही. माझ्या कानात शिट्टी आहे. स्पीकरच्या भिंतीपुढं वर्षं काढली की ती मिळते, मागावी लागत नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो बारीक सूर लागतो ना, तसला. पण शिट्टी होत नाही आणि गॅसही बंद करता येत नाही. बाहेर काही वाजत असलं की ती दबून असते. सगळं शांत झालं की येते. आवाजवाल्याचा कान गेला हे बायकोला काय तोंडानं सांगायचं? आचारी म्हणेल का, मला चव कळत नाही? म्हणून शांत झालं की मी बोलतो. बोललं की माझ्याच बोलण्यात ती बुडते.

तर त्या संध्याकाळी खोलीत शांतता झाली आणि कानात कुकर चढला. मी म्हणलं, "बघा, आहे का आवाज?"

"नाही," सुजाता म्हणाली, स्क्रीनवरून नजर न हलवता.

"यशू, तुला येतो का ऐकू?"

"नाही, पप्पा."

"अंकल म्हणत होता, बिग फॅन रन स्लो. मी म्हणलं, अंकल, मी पण बिग आहे, मी पण स्लो आहे, मला कुणी विकत घेत नाही." यशू हसली. मला जोर आला. मग मी फोनवर धुराचा आकडा बघून मोठ्यानं वाचला. मग खालच्या आंटीची नक्कल केली. मग खलील वस्तादांची ती गोष्ट सांगितली, वरातीत जनरेटर बंद पडला आणि नवरदेवाचा घोडाच तेवढा वाजत राहिला ती. ही गोष्ट ह्यांनी आधी ऐकलेली आहे, पण तिची मजा सांगण्यात आहे.

सुजातानं डोकं दोन्ही हातांत धरलं. "अहो, जरा शांतता हवी हो मला. इथं डोकं चालत नाहीये."

मी ताबडतोब डबा उघडला. नक्की मागचा पंखा असणार. हीटसिंकवरचा चांगला होता, पण डब्याच्या मागच्या बाजूला हवा बाहेर टाकायला जो असतो तो जुनाच राहिला होता. म्हणलं, "तू काळजी करू नको, उद्या हाही बदलतो." ती काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं म्हणजे मी हो समजतो. संसार असाच झालाय.

मागचा बदलला. मग हार्ड डिस्क. तिची बारीक कुरकुर मला ऐकू येत नव्हती, पण हात लावला की कळायची, आणि हाताला कळतं ते बायकोच्या कानाला कळतच असणार. यशूच्या शाळेच्या जुन्या चड्डीतलं इलॅस्टिक काढलं आणि डिस्क डब्यात पाळण्यासारखी टांगली. असलं काम कंपनीचा इंजिनियरसुद्धा करणार नाही, आणि का करणार नाही ते मला आता कळतं. यशूला दाखवलं, म्हणलं, "बघ, तुझी चड्डी कम्प्युटरला." ती म्हणाली, "पप्पा, प्लीज, फ्रेंड्सला सांगू नका, लाह." मी कशाला सांगतोय? मी फक्त शेजारच्या लिम आंटीला सांगितलं, आणि मंडळात.

प्रत्येक पंखा बदलला की खोली आणखी शांत व्हायची. खोली शांत झाली की कानातला कुकर चढायचा. कुकर चढला की मला आणखी बोलावंसं वाटायचं. मी आणि माझे पंखे असे एकमेकांच्या मागं लागलो होतो. यशूनं हेडफोन लावायला सुरुवात केली. गाणी नाहीत, नुसते कानावर. म्हणलं, बघा, पोरीला अजून काहीतरी खुपतंय. मी पॉवर सप्लायचा डबा बदलून आणला, बिनपंख्याचा. खोलीत पलंगाच्या कडेला बसून मी मशीनकडं बघत बसायचो, जसं लहान मूल झोपलंय का ते बघतात. आणि ते झोपलंय हे सगळ्यांना सांगायचो.

"शूऽऽ. ऐका. काही नाही. ऐका ना! आहे का काही?"

"संजय," सुजाता म्हणाली. ती रागावली की मला नावानं हाक मारते. तेवढं एक वाक्य, एका शब्दाचं.

मग एक दिवस तिचा फोन आला, "आज तिकडूनच करून येते." दुसऱ्या दिवशीही. यशू वही घेऊन लिम आंटीकडं जायला लागली. लिम आंटीकडं एसी नाही, टीव्ही चालू असतो, आणि आंटी मोठमोठ्यानं फोनवर भांडते. मी विचारलं, "अगं तिथं कसा अभ्यास होतो?" यशू म्हणाली, "होतो."

मी ठरवलं, आता शेवटचं. हीटसिंक एवढा मोठा आहे, वरचा आणि मागचा दोन्ही पंखेच काढून टाकू. दौंडला छोटे ॲम्प्लिफायर बिनपंख्याचे चालायचे, नुसत्या ठोकळ्यावर. पंखा नाही तर आवाज नाही, विषय संपला. काढले. मशीन चालू केलं, आणि डब्यात ती टांगलेली डिस्क सोडली तर हलणारी एकही वस्तू राहिली नाही. मी सुजाताला फोन केला: "आज ये. एकदाच ये. शपथ घेऊन सांगतो, ह्याच्यापेक्षा शांत मशीन सबंध सिंगापुरात नाही."

ती आली. मास्कचा वण होता नाकावर. यशूलाही बोलावून घेतलं. दोघी बसल्या. गणित सुरू झालं. मी पलंगाच्या कडेला. काय ती शांतता. कानात माझ्या नुसता शंखनाद. मी धरून धरून किती धरणार? म्हणलं, "मी काही बोलत नाही हं. फक्त एवढंच सांगतो..." आणि सांगत बसलो. हीटसिंकला किती पाती, नळ्यांत काय असतं, वस्ताद काय म्हणायचे, मी ॲम्प्लिफायरचा हीटसिंक बोटानं तपासताना चटका कसा बसला आणि फोड कुठं आला होता. फोड दाखवायला बोट पुढं केलं, आणि स्क्रीन काळी झाली.

डब्यावर हात ठेवला. तवा. पोळी टाकली असती तर फुगली असती. ठोकळा गरमी घेत राहिला, सोडायला वारा नव्हता, आणि मशीननं स्वतःला वाचवायला डोळे मिटले. तिचं गणित अर्ध्याच्या पुढं गेलं होतं. गेलं.

सुजाता ओरडली नाही. ओरडली असती तर मी सांगितलं असतं काही, केलं असतं काही, निदान खोलीत दोघांचा आवाज झाला असता. ती काळ्या स्क्रीनकडं बघत राहिली. स्क्रीनमध्ये तिला स्वतःचा चेहरा दिसत असेल, आणि मागं माझा, तोंड हलणारा. कारण मी समजावून सांगत होतो की चूक पंख्याची आहे, नसलेल्या पंख्याची, आणि उद्या...

"राहू दे," ती म्हणाली. मास्क घेतला. "मी ऑफिसात करते."

"अगं धूर बघ बाहेर! आकडा बघ!"

"चालतं."

तिच्यामागं यशूही दप्तर घेऊन लिम आंटीकडं गेली. शाळा बंद ठेवावी की नाही यावर लोक वाद घालत होते, फार्मसीत मास्क संपले होते, सरकार सांगत होतं बाहेर पडू नका. आणि माझ्या घरातल्या दोघी बाहेर पडल्या. घरात एसी होता. हवा स्वच्छ होती. मी होतो.

मग पाऊस आला, धूर बसला, टॉवेल फटीतून काढून मी धुतले. काळं पाणी निघालं. खिडक्या उघडल्या. यशू पास झाली, चांगल्या शाळेत गेली; त्यात लिम आंटीच्या टीव्हीचा हात असेल, माझ्या पंख्यांचा नव्हता. धुराचा मोसम संपला पण त्या मोसमात पडलेली सवय काही संपली नाही. सुजाता तेव्हापासून उशिराच येते. येते, हातपाय धुते, मी वाढतो, ती "छान झालंय" म्हणते, आणि कानात ते पांढरे बोळे घालून मीटिंग ऐकते. मीटिंग नसली तरी घालते. हे मला कळतं, कारण मीटिंगमध्ये माणूस कधीतरी "येस" म्हणतो. आमचं भांडण नाही. भांडणाला दोन माणसांचा आवाज लागतो. कुणी विचारलं तर मी सांगतो, आमचं घर एकदम शांत आहे.

ते मशीन तसंच खोलीत उभं होतं. त्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवायचो.

म्हणून परवा कुर्त्याला वास आला आणि मला आनंद झाला. म्हणलं, आता खिडक्या बंद होणार. एसी अजून एकाच खोलीत आहे. यशूची परत मोठी परीक्षा आहे. सुजाताच्या ऑफिसानं घरून काम करा म्हणून सांगितलंय, ती फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. सगळं तेच. फक्त पंखा पाहिजे. लगेच एमआरटी पकडून मॉलमध्ये गेलो. अंकलचं दुकान राहिलं नाही, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुसरीकडून घेतला, त्यांच्याकडचा सगळ्यात चांगला. इस्त्रीचे कपडे खाली काढले, डबा उघडला, धुळीची गोधडी निघाली. यशूच्या चड्डीचं इलॅस्टिक सैल पडलं होतं, डिस्क एका बाजूला कलली होती, बदललं. जुनं मलम पुसून नवं लावलं. तांदळाएवढं.

काल संध्याकाळी चालू केलं. पंखा फिरतोय, हवा येतेय, ठोकळा कोमट. गणित घालून बघायला मला येत नाही, पण वाटतंय टिकेल. सुजाता अजून ऑफिसातच होती, तिला फोन लावला. "ये घरी, धूर फार आहे. मशीन तयार केलंय. ह्या वेळी पंखा आहे, मी बघितलंय."

"बघते," ती म्हणाली.

मी दोन खुर्च्या पुसून ठेवल्या. पलंगाच्या कडेची माझी जागा झटकली. खिडकीच्या फटीत टॉवेल लावले. तेवढ्यात यशू तिच्या खोलीतून आली, पाठीवर बॅग, गळ्यात मास्क, लायब्ररीला निघालेली. आता ती माझ्या खांद्याच्या वर गेलीय. म्हणलं, "अगं कुठं जातेस धुरात? इथं बस. बघ, ऐक. कान लाव इथं. आहे का आवाज? नाही ना? तेव्हा तुला त्रास व्हायचा, मला माहितीय, हेडफोन लावून बसायचीस बिचारी. पण आता बघ, मी रबर नवीन टाकलंय, पंखा जपानी आहे, दुकानदार म्हणत होता..."

ती दारात बुटाची लेस बांधत होती. बांधून झाली. मास्क नाकावर चढवला, मग परत खाली ओढला, म्हणजे मला नीट ऐकू यावं.

"फॅन ओके आहे, पप्पा. तेव्हापण ओकेच होता. तुम्ही गप्प बसत नव्हता."